कोळशाखालचा बर्फ

वैशाखात माजरीच्या कोळसाखाणींच्या परिसरात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. ज्यांना जमते ती कुटुंबे सुट्टीत बर्फ पाहायला उत्तरेकडे जातात. मनालीजवळची रोहतांग खिंड त्यांच्या विशेष आवडीची. परतल्यावर मुले विचारतात, सूर्य तोच, मग तिथला बर्फ टिकतो कसा?

पहिले कारण उंची. माजरी समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटरवर, तर खिंड ३९७८ मीटरवर. दर हजार मीटरला हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होत जाते. म्हणजे उंचीमुळे सुमारे २५ अंशांचा फरक पडला. पण ४५ मधून २५ गेले तरी २० उरतातच! उरलेला हिशेब असा : एक तर तो प्रदेश आपल्यापेक्षा बराच उत्तरेला आहे. दुसरे, हिवाळ्यात पश्चिमी विक्षोभांमुळे तिथे हिमाचे जाड थर साचतात. ताजे हिम अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी ८० टक्क्यांहून अधिक परत फेकते. म्हणूनच ते सावकाश वितळते, आणि म्हणूनच तिथे काळा चष्मा लागतो.

आणखी उंचावर हिम वर्षानुवर्षे साचते, दाबाने त्याचा घट्ट बर्फ होतो आणि तो उतारावरून संथपणे सरकू लागतो. हीच हिमनदी. तिच्या तळाशी रुतलेले दगड खालच्या खडकावर समांतर ओरखडे काढतात.

असे ओरखडे आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातही आहेत! पैनगंगेकाठच्या इरई गावाजवळ चुनखडकावर ते असल्याची नोंद भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील फेडन यांनी १८७५ साली केली. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी आपली भूमी गोंडवन महाखंडाचा भाग होती आणि दक्षिण ध्रुवाच्या बरीच जवळ होती. हिमनद्यांनी आणलेला दगडमातीचा राडारोडा तालचीर थरांत सापडतो. बर्फ हटल्यावर ग्लॉसॉप्टेरिस वनस्पतींची अरण्ये वाढली. माजरीचा कोळसा त्या काळच्याच अरण्यांचा.

वर्गात एक प्रयोग करता येईल. वाटीत वाळू, खडे व पाणी घालून बर्फ गोठवावा आणि त्याची खड्यांची बाजू साबणाच्या वडीवर एकाच दिशेने दाबून सरकवावी. उमटलेल्या रेघांवरून बर्फ कोणत्या रेषेत सरकला हे मुलांनाच ओळखू द्यावे.

हिमालयाची सहल सर्वच पालकांना परवडत नाही. पण हिमयुगाचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. तो मुलांना दाखवावा, आणि त्यावर हातोडी चालवू नये हेही सांगावे. बर्फ पुन्हा पडेल. ३० कोटी वर्षांपूर्वीची ही रेघ पुन्हा उमटणार नाही.