रस्टचे डॉक्युमेंटेशन: उदाहरणही परीक्षेला बसते

प्रोग्रामिंग भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीचे, म्हणजे भाषेसोबतच मिळणाऱ्या तयार कोडच्या संग्रहाचे, डॉक्युमेंटेशन हळूहळू जुने पडते, कारण कोड बदलला तरी त्याविषयीचा मजकूर बदलण्याची सक्ती कोणावर नसते. या दुखण्यावर पायथनने 2001 साली आवृत्ती 2.1 मधील ‘डॉकटेस्ट’द्वारे उपाय आणला, आणि 2015 मध्ये आवृत्ती 1.0 गाठलेल्या रस्टने तो रोजच्या शिस्तीत बसवला: कोडलगतच्या, तीन तिरप्या रेघांनी सुरू होणाऱ्या टिपणांत दिलेले उदाहरण टेस्टच्या वेळी आपोआप कंपाइल होऊन चालवले जाते आणि ते फसले, तर टेस्टही नापास होते.

परंतु उदाहरण बरोबर असणे पुरेसे नाही. खरी कसोटी फंक्शनच्या मर्यादा सांगण्यात लागते. ‘व्हेक’ या वाढत्या यादीतील ‘स्वॅप_रिमूव्ह’ पाहावे. ते काढलेल्या घटकाच्या जागी शेवटचा घटक आणून ठेवते, त्यामुळे यादी कितीही लांब असली तरी काम तेवढ्याच वेळात होते, मात्र क्रम मोडतो. डॉक्युमेंटेशन हे स्पष्ट सांगून क्रम टिकवायचा असल्यास ‘रिमूव्ह’ सुचवते, आणि दिलेला क्रमांक यादीबाहेरचा असल्यास ‘पॅनिक’ होईल, म्हणजे चालू काम तिथेच थांबेल, हे वेगळ्या शीर्षकाखाली नोंदवते. पर्याय सुचवणारे ते एक वाक्य लांबलचक व्याख्येपेक्षा अधिक मोलाचे आहे.

रस्टच्या स्टँडर्ड लायब्ररीचा सोर्स कोड गिटहबवर खुला आहे. वाचताना एखादे वाक्य संदिग्ध वाटल्यास वाचकांनी सुधारणेचा प्रस्ताव अवश्य पाठवावा.