साखरेचा आजार, फौजेची पेन्शन आणि पेटीतलं पत्र

आपल्या सातारा-सांगली-कोल्हापूर भागात फौजीचं घर नाही अशी आळी शोधून सापडायची नाही. म्हणून आजचा विषय थोडा किचकट असला तरी घरचाच आहे.

मागे आमच्या गटाच्या बैठकीत एका वहिनींनी कर्ज मागितलं. दुकान टाकायचं होतं. मालक हवालदार म्हणून निवृत्त झालेले. नंतर वॉचमनची नोकरी धरली, पण साखरेमुळे पायाची जखम भरेना, तीही सुटली. बोलता बोलता वहिनी म्हणाल्या, "आजार फौजेतच लागला. पण पेन्शन नाही म्हणून पत्र आलंय. ते पेटीत पडलंय." आम्ही पत्र पाहिलं. मधुमेह, अपंगत्व २० टक्के, सेवेशी संबंध नाही, सबब मागणी नामंजूर. घरच्यांनी धरून चालले, सरकारनं नाही म्हटलं, विषय संपला. खरं तर विषय तिथून सुरू होतो.

जवान खालच्या वैद्यकीय श्रेणीत निवृत्त होतो तेव्हा डॉक्टरांचं मंडळ, म्हणजे रिलीज मेडिकल बोर्ड, त्याला तपासतं. मंडळ दोन गोष्टी ठरवतं. अपंगत्व किती टक्के, आणि आजार नोकरीमुळे झाला का किंवा नोकरीमुळे वाढला का. या दोन्हींपैकी एकाला जरी "हो" आलं आणि टक्का किमान २० असेल, तर नेहमीच्या पेन्शनवर अपंगत्वाचा वेगळा भाग मिळतो. मधुमेहाच्या बाबतीत गाडी अडते ती दुसऱ्या प्रश्नावर. "हा तर राहणीमानाचा आजार," असं लिहून मोकळं होतात.

इथे १९८२ चे नियम कामी येतात. भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल, तर माणूस तेव्हा निरोगी होता असं धरायचं. पुढे तब्येत बिघडली तर ती नोकरीमुळे, असंही धरायचं. संबंध सिद्ध करायचा भार जवानावर नाही, आणि शंका असेल तर फायदा त्याला. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग खटल्यात हेच ठासून सांगितलं. संबंध नाही म्हणायचं तर मंडळानं कारणं लिहिली पाहिजेत. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे मधुमेहाचंच प्रकरण होतं. आजार शांत ठिकाणच्या नेमणुकीत दिसला, एवढ्यावर पेन्शन नाकारता येत नाही, असं न्यायालय म्हणालं.

पण सगळ्यांचं पारडं जड असतं असं नाही. मंडळानं ठोस कारणं नोंदवली असतील तर प्रकरण अवघड जातं. शिवाय २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम लागू झालेत. त्यानंतर घरी आलेल्यांनी जुन्या निकालांवर विसंबू नये, आधी जाणकाराला विचारावं.

आता पैशाचं बघू. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के धरतात. २० टक्क्यांना त्या हिशेबानं ६ टक्के. म्हणजे ३०,००० पगारावर महिना १,८००. पण ५० टक्क्यांच्या आतलं अपंगत्व ५० धरायचं अशी पद्धत आहे. सेवा पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही हा लाभ द्यावा, हे सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१४ ला राम अवतार खटल्यात मान्य केलं. मग त्याच १,८०० चे ४,५०० होतात. आपल्या घरात एवढी रक्कम म्हणजे औषधासाठी शहराला जायचा खर्च आणि किराणा, दोन्ही निघतं.

करायचं काय, ते लिहून घ्या.

पहिलं, कागद. डिस्चार्ज बुक, पीपीओ, नामंजुरीचं पत्र आणि मेडिकल बोर्डाच्या कामकाजाची प्रत. ही प्रत बहुतेकांकडे नसते. ती रेकॉर्ड ऑफिसकडे मागा. नाही दिली तर माहिती अधिकारात अर्ज करा. कुठल्या साली कुठे नेमणूक होती आणि आजार कधी सापडला, हे एका कागदावर क्रमानं मांडा. डोळे, मूत्रपिंड, पायाच्या नसा, हृदय यांचा त्रास सेवेतच नोंदवला असेल तर तेही कागद जोडा.

दुसरं, अपील. नामंजुरीनंतर सहा महिन्यांत पहिलं अपील, ते फेटाळलं तर सहा महिन्यांत दुसरं. उशीर झाला असेल तर उशिराचं खरं कारण लिहून माफीची विनंती जोडा.

तिसरं, न्यायाधिकरण. २००७ च्या कायद्यानं सशस्त्र दल न्यायाधिकरण झालं, त्याचं खंडपीठ मुंबईतही आहे. अपिलाला सहा महिने उत्तरच आलं नाही, तरी तिथे जाता येतं. मात्र उशिरा गेलेल्यांना अनेकदा मागच्या तीनच वर्षांची थकबाकी मिळाली आहे. म्हणून पत्र पेटीत ठेवू नका.

मदतीसाठी आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठा. जुलै २०२५ मध्ये सुरू झालेल्या वीर परिवार सहायता योजनेत सैनिकांच्या कुटुंबांसाठी कायदेशीर मदतीची सोय केली आहे. आणि मैत्रिणींनो, १९८७ च्या कायद्यानुसार बाईला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. मालक हयात नसतील, तर त्यांच्या हयातीतली थकबाकी वारस म्हणून मागताना हा हक्क वापरा. "निम्मे पैसे द्या, काम करून देतो" म्हणणाऱ्याला कोऱ्या कागदावर सही देऊ नका.

आमच्या वहिनींना गटानं दुकानाचं कर्ज दिलं. अपिलाचा मसुदा आम्ही चौघींनी बसून केला, कल्याण कार्यालयात तपासून घेतला आणि रजिस्टर पोस्टानं पाठवला. निकाल यायचा आहे. पोचपावती मात्र आता पेटीत नाही, गटाच्या फाइलीत आहे, आणि तारखेवर लाल खूण आहे.

आज घरी गेल्यावर एवढंच करा. पेटी उघडा आणि पत्र शोधा.