अपुऱ्या दिवसांचा श्वास
ऑगस्ट 1963 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि दोन दिवसांत दगावला.

अशा मृत्यूंचे कारण 1959 मध्येच डॉ. मेरी एलेन एव्हरी आणि जेरे मीड यांनी शोधले होते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या फुप्फुसांत सरफॅक्टंट हा स्निग्ध पदार्थ कमी असतो. श्वास सोडताच वायुकोश मिटतात, बाळ थकून जाते.

उपाय मागाहून आले. 1971 मध्ये डॉ. ग्रेगरी यांनी हवेच्या सततच्या दाबाने वायुकोश उघडे ठेवले. 1980 मध्ये जपानच्या फुजिवारा यांनी गायीच्या फुप्फुसांपासून बनवलेले सरफॅक्टंट नळीतून 10 बाळांना दिले.

न्यूझीलंडच्या डॉ. लिगिन्स आणि डॉ. हॉवी यांनी 1972 मध्ये दाखवलेला मार्ग तर जन्माआधीचाच: बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला स्टेरॉइडची इंजेक्शने. त्यांचा पूर्ण परिणाम व्हायला साधारण 24 तास लागतात. म्हणून अवेळी कळा येताच रुग्णालय गाठायला हवे.