चित्रफितीचा भार आणि घरचा संगणक

एरवी पत्रव्यवहार, हिशेब आणि वाचन ही कामे विनातक्रार करणारा घरचा संगणक एखाद्या लग्नसमारंभाचा व्हिडिओ उघडावयास सांगताच एकाएकी मंदावतो, माऊसचा बाण जागीच खिळतो, चित्र अडखळते, आवाज पुढे निघून जातो, आणि घरातील मंडळी यंत्र जुने झाल्याचा निर्वाळा देऊन नव्याच्या खरेदीची तजवीज करू लागतात. हा निर्णय पुष्कळदा घाईचा ठरतो. कारण व्हिडिओ दाखवणे म्हणजे साठवलेला मजकूर केवळ वाचून दाखवणे नव्हे, तर क्षणोक्षणी प्रचंड आकडेमोड करणे होय, आणि त्या कामाचा कोणता टप्पा अडला याची चौकशी केल्यावाचून योग्य इलाज सापडत नाही.

रुंदीला १९२० आणि उंचीला १०८० बिंदू असलेल्या एका चित्रात २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी तीन बाइट धरले, तर सेकंदाला पंचवीस चित्रे या हिशेबाने दोन तासांच्या चित्रपटास एक टेराबाइटहून अधिक जागा लागावी. प्रत्यक्षात तो दोन-तीन गिगाबाइटांत मावतो, आणि या संक्षेपाच्या इतिहासात चेन्नईच्या गिंडी परिसराचा मानाचा वाटा आहे. १७९४ साली भूमापन शाळा म्हणून उगम पावलेल्या गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५२ मध्ये पदवीधर झालेले के. आर. राव पुढे अमेरिकेत प्राध्यापक झाले, आणि बंगळुरूचे नासिर अहमद व टी. नटराजन यांच्यासह त्यांनी जानेवारी १९७४ मध्ये ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ ही गणिती रीत प्रसिद्ध केली. चित्राचे लहान चौकोन पाडून त्यांतील प्रकाशछटांचे स्थूल व सूक्ष्म तरंगांत पृथक्करण करावयाचे, म्हणजे डोळ्यास फारसे न जाणवणारे सूक्ष्म तरंग बऱ्याच अंशी गाळता येतात, हे तिचे सार. याच्या जोडीला, तलाठ्याने फेरफार नोंदवहीत केवळ बदल तेवढा नोंदवावा, त्याप्रमाणे आधीच्या चित्राहून जे वेगळे तेवढेच पुढील चित्रासाठी लिहिले जाते. २००३ च्या एच.२६४ आणि २०१३ च्या एच.२६५ या दोन्ही मानकांच्या मुळाशी याच कल्पना आहेत.

परंतु संक्षेप जितका कसून केलेला, तितके तो उलगडण्याचे श्रम अधिक. एच.२६५ साधारण त्याच दर्जाचे चित्र एच.२६४ च्या जवळजवळ निम्म्या जागेत ठेवते, आणि अलीकडचे अनेक मोबाइल त्यातच चित्रण करतात. हे उलगडण्याचे स्वतंत्र मंडल ज्या संगणकात नाही, तेथे सारा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो. इंटेलच्या २०१५ मधील सहाव्या पिढीत साध्या एच.२६५ साठी असे मंडल आले. त्याआधीच्या बहुतेक यंत्रांची दमछाक व्हावी यात नवल नाही.

म्हणून विंडोज संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा, व्हिडिओ सुरू करावा आणि कोणता आकडा शंभर टक्क्यांकडे जातो ते पाहावे. प्रोसेसर शिगेला पोहोचला असून ग्राफिक्सच्या ‘व्हिडिओ डिकोड’ आलेखात हालचाल नसेल, तर उत्पादकाच्या संकेतस्थळावरून ग्राफिक्स ड्रायव्हर अद्ययावत करावा आणि व्हीएलसीसारख्या प्लेअरच्या सेटिंग्जमध्ये हार्डवेअर डिकोडिंग चालू करावे; तेवढ्यानेही न भागल्यास हँडब्रेक या रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने एच.२६४ मधील प्रत करून घ्यावी, मूळ फाइल मात्र जतन करावी. कोडेकचे, म्हणजे व्हिडिओ उलगडणाऱ्या प्रोग्रॅमांचे, निरनिराळे संच एकावर एक चढवण्याचा मोह टाळावा, कारण त्यांचा परस्परांशी विरोध होऊन गोंधळ वाढतो.

प्रोसेसर स्वस्थ आणि डिस्क मात्र शंभर टक्क्यांवर असेल, तर रोख दुसरीकडे वळवावा. सामान्य व्हिडिओला सेकंदाला एखाद-दोन मेगाबाइट पुरतात, आणि तेवढ्याने निरोगी हार्ड डिस्क थकत नाही. तेव्हा दुसरा एखादा प्रोग्रॅम, बहुधा अँटिव्हायरस, तिला गुंतवून ठेवीत आहे की काय ते पाहावे. तसे नसेल तर डिस्कच बिघडू लागली असण्याचा संभव असतो, आणि अशा वेळी इतर सर्व उद्योगांपूर्वी महत्त्वाच्या फायलींची प्रत अन्यत्र काढावी. व्हिडिओ सुरू होण्याआधी, नुसते फोल्डर उघडतानाच संगणक गोठत असेल, तर प्रत्येक फाइलचे छोटे चित्र तयार करण्याच्या कामी एखादी अपुरी उतरलेली फाइल अडसर होत असावी. फोल्डरच्या पर्यायांत चित्रांऐवजी केवळ आयकॉन दाखवण्याची मुभा असते, ती घ्यावी.

आरंभी सुरळीत चालून काही मिनिटांनी मंदावणारे यंत्र मात्र बहुधा उष्णतेने त्रस्त असते. चेन्नईच्या मे महिन्यात, पंख्यावर धूळ साचलेली असताना, प्रोसेसर स्वसंरक्षणार्थ आपला वेग आपणच उतरवतो. वीज बंद करून, मऊ ब्रशने पंखा व जाळी स्वच्छ करावी, आणि यंत्राभोवती हवा खेळू द्यावी.

एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम टिपून ठेवावा, म्हणजे गुण कशाने आला हे निश्चित कळते. या क्रमाने गेल्यास कोणास केवळ सफाई पुरेल, कोणास बिघडत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, आणि ज्याच्या प्रोसेसरमध्ये उलगडण्याचे ते मंडलच नाही व एच.२६४ मधील प्रतीनेही ज्याचे भागत नाही त्याने नवे यंत्र अवश्य घ्यावे. मात्र विक्रेत्याशी बोलताना आपणास नेमके काय हवे ते घेणाऱ्यास ठाऊक असेल, आणि सामान्य कुटुंबाच्या खर्चात एवढी जाणीव फार मोलाची आहे.