डेबिट कार्ड, ओटीपी आणि तीन दिवसांची मुदत

डेबिट कार्डावरचा सोळा अंकी क्रमांक, मुदत संपण्याचे महिना-वर्ष आणि तीन अंकी सीव्हीव्ही, एवढ्या भांडवलावर ऑनलाइन खरेदीची सुरुवात होते. हे सगळे कार्डावरच छापलेले असल्याने फार काळ गुपित राहत नाही. हॉटेलात वेटर कार्ड घेऊन काउंटरपर्यंत गेला किंवा कोणी त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवला, की ते परक्या नजरेखालून गेलेच. क्रेडिट कार्डावर गैरव्यवहार झाला तर बिल भरण्याआधी वाद घालता येतो. डेबिट कार्डाचा पैसा थेट बचत खात्यातून जातो. चौकशी संपेपर्यंत खाते रिकामे, आणि त्याच आठवड्यात गृहकर्जाचा हप्ता असेल तर तो परत जाऊन वर दंड. म्हणून इथे गेलेला पैसा परत मिळवण्याइतकीच, तो कमीत कमी जाईल अशी तजवीज महत्त्वाची ठरते.

भारतात 2009 पासून ऑनलाइन कार्ड-व्यवहारांना दुसरा पडताळा सक्तीचा आहे. सुरुवातीला त्यासाठी पासवर्ड असे, आता बहुधा मोबाइलवर येणारा ओटीपी. त्यामुळे नुसत्या चोरलेल्या अंकांवर देशी दुकानात सहसा काही विकत घेता येत नाही. भामट्याला शेवटच्या पायरीवर कार्डधारकाचाच हात लागतो, आणि त्याची सगळी कल्पकता तिथेच खर्ची पडते.

दिवाळीच्या तोंडावर फेसबुक-इन्स्टाग्रामवर निम्म्याहून कमी किमतीत पैठणी विकणारी दुकाने उगवतात. पत्ता नाही, फोन नाही, कॅश ऑन डिलिव्हरीची सोय नाही. दुसरा प्रकार कुरिअरचा: ‘तुमचा पत्ता अपुरा आहे, 5 रुपये भरून दुरुस्त करा’ असा मेसेज येतो. रक्कम इतकी किरकोळ असते की संशय येत नाही, पण भामट्याला ते 5 रुपये नकोच असतात, त्याला कार्डाची माहिती हवी असते. तिसरा प्रकार परताव्याचा. न आवडलेली वस्तू परत करायची म्हणून गिऱ्हाईक इंटरनेटवर ग्राहक सेवेचा नंबर शोधते आणि नेमका भामट्यानेच पेरलेला नंबर हाती लागतो. मग पलीकडचा गोड आवाज एखादे ॲप उतरवून घ्यायला सांगतो, आणि मोबाइलचा पडदा त्याला दिसू लागतो, आलेला ओटीपीही. परतावा खात्यात जमा व्हायला ओटीपी लागत नाही, पिन तर मुळीच लागत नाही. ग्राहक सेवेचा नंबर कंपनीच्या ॲपमधून आणि बँकेचा कार्डाच्या मागच्या बाजूवरूनच घ्यावा.

बँकेच्या ओटीपीच्या मेसेजमध्ये सहसा रक्कम आणि ती कोणाला जाणार हेही लिहिलेले असते. बहुतेकांची नजर मात्र अंकांवरच जाते, आणि हल्ली तर फोनच ते अंक उचलून चौकटीत बसवतो. 5 रुपयांसाठी आलेल्या मेसेजात 48,000 रुपये लिहिले आहेत, हे वाचायला दोन सेकंद पुरतात. सगळ्या उपायांत हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित.

वेबसाइटच्या पत्त्याजवळच्या कुलपाच्या चित्रावर लोकांचा फार भरवसा असतो. त्या कुलपाचा अर्थ एवढाच, की पाठवलेली माहिती वाटेत कोणाला वाचता येणार नाही. पलीकडे बसलेला माणूस प्रामाणिक आहे की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. भामट्यांनाही ते कुलूप फुकट मिळते. या गैरसमजापायीच गूगलने 2023 मध्ये क्रोममधून ते चित्र काढून टाकले. खरी खूण पत्त्यातच असते. पत्त्यातली पहिली एकेरी तिरपी रेघ शोधावी आणि तिच्या लगतचे आधीचे नाव वाचावे. मालक तिथे कळतो; त्याच्याही डावीकडे कोणत्याही नामांकित कंपनीचे नाव घुसडता येते. बँकांपुरती ही ओळख आता सोपी झाली आहे: रिझर्व्ह बँकेने त्यांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ असा शेवट असलेले पत्ते घ्यायला सांगितले होते.

दुकान खरे असले तरी धोका संपत नाही. 2018 मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या वेबसाइटमध्ये चोरांनी काही ओळींचा प्रोग्रॅम घुसवला आणि तिकीट काढणाऱ्यांच्या कार्डांची माहिती परस्पर त्यांच्याकडे जाऊ लागली. ग्राहकांची त्यात काहीच चूक नव्हती. भारतात 1 ऑक्टोबर 2022 पासून विक्रेत्यांना कार्डाचा पूर्ण क्रमांक साठवून ठेवता येत नाही. त्याऐवजी त्या दुकानापुरता चालणारा टोकन वापरला जातो. पैसे भरताना ‘कार्ड सुरक्षित ठेवा’ असे विचारले जाते ते याच टोकनसाठी. नेहमीच्या, खात्रीच्या दुकानात त्याला होकार देणे रोज नव्याने अंक टाकण्यापेक्षा बरे.

सर्वांत उपयोगी सोय मात्र बँकेच्या ॲपमध्ये पडून असते. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या आदेशामुळे ऑनलाइन, परदेशी आणि स्पर्शविरहित व्यवहार वेगवेगळे चालू-बंद करता येतात, प्रत्येकाची मर्यादाही ठरवता येते. परदेशी व्यवहार तर बंदच ठेवावेत, कारण अनेक परदेशी विक्रेत्यांकडे ओटीपीशिवाय खरेदी होत आली आहे. खरेदीपुरते वेगळे खाते उघडून त्यात हवी तेवढीच रक्कम ठेवली, तर पगाराच्या खात्याला झळ लागत नाही.

एवढे करूनही पैसे गेलेच, तर प्रश्न वेळेचा असतो. आधी ॲपमधून कार्ड ब्लॉक करावे, बँकेला कळवून तक्रार क्रमांक घ्यावा आणि लगेच 1930 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करावा. चोरलेला पैसा दुसऱ्यांच्या नावावरच्या खात्यांतून भराभर फिरवला जातो. तो कुठेतरी थांबलेला असतानाच गोठवता येतो.

नुकसान कोणी सोसायचे, हे रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या नियमांत सांगितले आहे. चूक बँकेची असेल तर ग्राहकाला काहीच भुर्दंड नाही. चूक दोघांचीही नसून मधल्याच कोणाची असेल आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तरीही नाही. चार ते सात दिवस लागले तर साध्या बचत खात्याच्या ग्राहकाला एका व्यवहारामागे जास्तीत जास्त 10,000 रुपये सोसावे लागतात. त्यापुढे बँकेचे धोरण. ग्राहकाची चूक सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर असते आणि कळवल्यापासून 10 कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करावी लागते. महाराष्ट्रात गावोगावी खातेदार असलेल्या सहकारी बँकांनाही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये असेच नियम लागू झाले. ओटीपी स्वतःच सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचा सगळा तोटा ग्राहकाचा. तरी कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या माथी येते, म्हणून लाजेपोटी गप्प बसण्याची किंमत रोख मोजावी लागते.

बँकेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. पैसे स्वतःहून भरले पण माल आलाच नाही, हे प्रकरण वेगळे. त्यासाठी बँकेकडे ‘चार्जबॅक’, म्हणजे विक्रेत्याला गेलेल्या रकमेचा परतावा, मागावा लागतो. त्यालाही मुदत असते, आणि ऑर्डरची पावती व विक्रेत्याशी झालेला पत्रव्यवहार जोडावा लागतो.