गाडी खाली बसवताय? आधी चेंबरचा विचार करा

अमरावती, अकोला : गाडी ‘लो’ करण्याचं वेड आता शहरापुरतं राहिलेलं नाही. तालुक्याच्या गावातही सेकंडहँड कार घेतली की पोट्टे आधी चाकं बदलतात, मग गाडी खाली बसवतात. मोबाईलवरच्या व्हिडिओत अशी गाडी झकास दिसते. पण ती आपल्या रस्त्यावर चालते कशी, हा प्रश्न पैसे खर्च करण्याआधी विचारलेला बरा.

फायदा काय?

फायदा खोटा नाही. कुटाराने उंच भरलेली ट्रॉली वळणावर डोलते, त्याच वजनाची रेतीची ट्रॉली डोलत नाही. वजन जितकं खाली, तितकी गाडी स्थिर. वळण घेताना आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो. गाडी खाली असली की हा भार कमी सरकतो, टायरची पकड टिकते आणि गाडी कमी झुकते. शर्यतीच्या गाड्या जमिनीला चिकटलेल्या असतात त्या यासाठीच.

मात्र हिशोब पाहा. साध्या कारचा गुरुत्वमध्य जमिनीपासून 55 सेंटिमीटरवर धरला आणि गाडी 3 सेंटिमीटर खाली घेतली, तर भाराची ही सरकासरक साधारण 5 टक्क्यांनी कमी होते. शर्यतीत हा फरक मोठा असतो. मूर्तिजापूरहून अकोल्याला जाताना तो जाणवतही नाही.

गणित बिघडतं कुठे?

स्विफ्टसारख्या कारचं पोट जमिनीपासून सुमारे 16 सेंटिमीटर वर असतं. पाच माणसं आणि सामान भरलं की ती तीन-साडेतीन सेंटिमीटर दबते. त्यात स्प्रिंग बदलून आणखी 3 सेंटिमीटर कमी केले, की खाली उरतात जेमतेम 10.

आता गतिरोधक घ्या. इंडियन रोड काँग्रेसच्या निकषानुसार तो 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद हवा. कारच्या पुढच्या-मागच्या चाकांत अंतर सुमारे अडीच मीटर. म्हणजे नियमाच्या गतिरोधकावर पूर्ण गाडीच चढते आणि दोन्ही चाकांच्या मधोमध पोटाकडे फक्त चार-साडेचार सेंटिमीटर उंचवटा येतो. खाली बसवलेली गाडीही हळू नेली तर निघते.

पण गावोगावी रात्रीतून घातलेले गतिरोधक हात-दीड हात रुंद आणि उभट असतात. पुढची चाकं उतरतात, मागची अजून चढायची असतात आणि सगळा उंचवटा थेट पोटाखाली. 12 सेंटिमीटरचा असला तर कंपनीची गाडी कशीबशी सुटते, खाली बसवलेली घासते. घासण्यात चेंबर फुटलं की ऑईल गळतं, आणि ते न कळता गाडी पळवली तर इंजिन जाम होतं. सगळी हौस त्या एका दणक्यात वसूल होते.

काळी माती आणि रस्ते

लोणी ते माना या टप्प्यात जून 2022 मध्ये 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर डांबरी थर टाकून गिनीज विक्रम झाला. अमरावती-अकोला महामार्गावर खाली बसवलेली गाडी मजेत धावेल. पण महामार्ग सोडून दर्यापूर, तेल्हारा, अकोटच्या आतल्या गावात वळलं की काळी माती सुरू. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा रस्ता लाटेसारखा होतो. पांदणीत तर दोन्ही बाजूंना चाकोरी आणि मधे उंचवटा. पावसाळ्यात नाल्यावरून पाणी असेल तर हवा ओढणारा पाईपही खाली आलेला असतो. इंजिनात पाणी गेलं की खर्च मोठा.

पद्धतीत फरक

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात धोक्याचा मार्ग म्हणजे ग्राइंडरने स्प्रिंगचा वेढा कापणं. कापलेली स्प्रिंग कडक होते, गाडी उसळली की जागेवरून हलू शकते. तापवून बसवलेल्या स्प्रिंगचा ताव जातो आणि ती हळूहळू खचते. दोन्ही टाळा.

त्याच गाडीसाठी बनवलेल्या आखूड स्प्रिंग आणि त्यांना जुळणारे शॉकअप घेतले तर काम बरं होतं. उंची कमी-जास्त करता येणारे कॉइलओव्हर त्याहून चांगले, पण महाग. जुन्या शॉकअपवर आखूड स्प्रिंग चढवली तर शॉकअप खाली आदळून लवकर संपतात. कोणत्याही प्रकारात अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर टायर आतून खातात. हेडलाइटचा कोनही तपासा.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसीवरचा मूळ तपशील बदलेल असा फेरबदल करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या बदलासाठी कलम 182-अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5 हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. विमा कंपनीला न कळवता सस्पेन्शन बदललं तर अपघातानंतर दावा अडू शकतो. म्हणून आधी आरटीओत विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा.

मग करायचं काय?

गाडी फक्त हौसेची असेल, बहुतेक महामार्गावरच फिरत असेल, तर चांगल्या सामानात दोन-तीन सेंटिमीटर खाली घेणं चालून जातं. पण गावात घरची एक गाडी म्हणजे सगळ्यांची गाडी. बियाण्याची पोतीही तिच्यात येतात, लग्नाचं वऱ्हाडही. मध्यरात्री शेजारच्या बाईला कळा सुरू झाल्या तर अमरावतीला डफरीनलाही तीच गाडी न्यायची असते. त्या रात्री गतिरोधकावर चेंबर फुटलं तर गाडी किती झकास दिसते याला काही अर्थ उरत नाही. अशा घरात चांगले टायर, नवे शॉकअप आणि वेळेवर अलाइनमेंट एवढंच करा. वळणावरची पकड त्यानेही सुधारते आणि पोट जागच्या जागी राहतं.