गिऱ्हाईक परत येऊ नये असा धंदा

देशी वालाचं मूठभर बी विकणाऱ्या माणसाची एक व्यापारी अडचण असते. बी खरं निघालं, वेल मांडवावर चढला, शेंगा लागल्या, की विकत घेणाऱ्याला त्याच्याकडे पुन्हा जाण्याचं काही कारण उरत नाही. वेलावरच्या चार शेंगा तोडायच्या राहिल्या आणि वाळल्या तरी पुढच्या वर्षीचं बी घरात आलं. वर शेजारीण मागते, तिलाही द्यायचं असतं. म्हणजे माल जितका चोख, तितकं गिऱ्हाईक लवकर तुटणार. साबण संपतो, चहा संपतो. बी मात्र विकत घेतल्यावर वाढतं. परसात भाजी लावता लावता बियांचा छोटा व्यवसाय सुरू करणाऱ्या प्रत्येकाची या गणिताशी कधी ना कधी गाठ पडते. महाराष्ट्रात त्याची दोन उत्तरं सापडतात आणि ती एकमेकांच्या अगदी उलट आहेत. एक जालन्यात, दुसरं अकोले तालुक्यात.

जालन्याचं उत्तर जगाला जास्त माहीत आहे. बद्रीनारायण बारवाले हे तिथले शेतकरी. १९६० च्या आगेमागे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘पुसा सावनी’ ही भेंडी काढली. पानांच्या शिरा पिवळ्या करून पीक बसवणाऱ्या विषाणूला ती त्या काळी दाद देत नसे. बारवाल्यांनी तिचं बी आणलं, वाढवलं आणि आसपासच्या शेतकऱ्यांना विकायला सुरुवात केली. ही भेंडी संकरित नव्हती. घेणारा तिचं बी घरी धरू शकत होता. पण १९६४ मध्ये त्यांनी जी कंपनी काढली तिच्या नावातच पुढचा मार्ग होता: महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजे महिको.

संकरित बियाण्याची पहिली पिढी एकसारखी येते, बहुधा जोमदारही असते. तिचंच बी धरून पेरलं की पुढच्या पिढीत आजी-आजोबांचे गुण वेगवेगळे होऊन बाहेर पडतात: एक झाड उंच, एक बुटकं, एकाची भेंडी लांब, एकाची वाकडी. बाजारात माल नेणाऱ्याला हे परवडत नाही, म्हणून तो दरवर्षी दुकानात येतो. अडचण सुटली! बारवाल्यांना १९९८ चं जागतिक अन्न पारितोषिक मिळालं, पुढे पद्मभूषणही. आणि जालना हे बियाण्यांचं गाव झालं. आज जालना आणि शेजारच्या देऊळगाव राजा भागातल्या शेडनेटमध्ये बाया चिमट्याने फुलांतले पुंकेसर काढून टाकतात आणि दुसऱ्या वाणाचे परागकण त्यांवर लावतात. फूल न् फूल हाताने. संकरित भाजीच्या पाकिटाची किंमत चढी का, याचं अर्धं उत्तर त्या चिमट्यात आहे. उरलेलं अर्धं व्यापारात आहे, हेही म्हटलं पाहिजे.

अमेरिकेत हे वळण आधी आलं होतं. फिलाडेल्फियाच्या बर्पी या टपालाने बी पाठवणाऱ्या कंपनीने १९४९ मध्ये ‘बिग बॉय’ हा संकरित टोमॅटो काढला तो मुख्यतः घरच्या बागवाल्यांसाठी. तोवर घराघरांत टोमॅटोचं बी कागदावर वाळत घालायची रीत होती. ‘बिग बॉय’ ज्याच्या जिभेवर बसला, त्याला दर वसंतात पाकीट मागवणं भाग पडलं.

दुसरं उत्तर कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या मुलखातलं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई सोमा पोपेरे १९६४ सालच्या. म्हणजे महिकोच्या वयाच्या. महादेव कोळी समाजातल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. पावसाळ्यात घरची शेती आणि पाऊस सरला की साखर कारखान्यावर मजुरी, असं बहुतेक आयुष्य गेलं. नातू सारखा आजारी पडू लागला, तेव्हा त्यांचा संशय घरात येणाऱ्या फवारणीच्या भाजीवर गेला आणि त्या परसातल्या जुन्या भाज्यांकडे वळल्या. जुनं बी शोधायला त्या प्रयोगशाळेत गेल्या नाहीत. ते पाड्यापाड्यांवरच्या म्हाताऱ्या बायकांच्या उतरंडीत, गाडग्यात आणि फडक्याच्या पुरचुंडीत होतं.

पुढे बायफ या संस्थेचं काम त्या भागात सुरू झालं आणि राहीबाईंच्या हौसेला पद्धत मिळाली. बी निवडायचं कसं, प्रत्येक वाणाचे गुण नोंदवायचे कसे, भाताची रोपं अंतरावर लावायची कशी, पावसाचं पाणी जलकुंडात धरून पुढचे महिने भाजी कशी जगवायची. कळसूबाई परिसरात बियाणे संवर्धन समिती उभी राहिली, बचत गट जोडले गेले. त्यांच्या संग्रहात १७ पिकांचे ४३ स्थानिक वाण असल्याचं सांगितलं जातं. त्यात भात, नागली-वरईसारखी भरडधान्यं, कडधान्यं, तेलबिया आणि वाल-घेवड्याचा मोठा गोतावळा. शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकरांनी त्यांना बीजमाता म्हटलं. २०१८ मध्ये बीबीसीच्या जगभरातल्या १०० स्त्रियांच्या यादीत त्यांचं नाव आलं आणि २०२० साली पद्मश्री जाहीर झाली.

पुरस्कारांपेक्षा इथे त्यांच्या हिशेबाचा नियम जास्त महत्त्वाचा. बियाणे बँकेतून बी नेणाऱ्या शेतकऱ्याने हंगामानंतर त्याच्या दुप्पट परत करायचं. गिऱ्हाईक परत येण्याचा प्रश्न या नियमाने उलटा सोडवला. त्याला पुन्हा यावं लागतं, पण रिकाम्या हाताने नव्हे. एका शेतात गारपीट झाली, कीड पडली, तरी तो वाण दुसऱ्या चार शेतांत शिल्लक असतो. शीतगृहातल्या संग्रहाला ही सोय नाही. तिथलं बी वर्षानुवर्षं झोपलेलं असतं आणि बाहेरचं हवामान मात्र बदलत राहतं. अर्थात हा नियम गावात चालतो, कारण परत न करणाऱ्याला आठवडे बाजारात तोंड दाखवायचं असतं. पुण्या-मुंबईच्या गच्चीवरून बी विकणाऱ्या बागवालीला त्याचा उपयोग नाही. तिला रोख पैसे घ्यावे लागतात आणि त्या बदल्यात भरवसा द्यावा लागतो.

तो भरवसा देणं हेच या धंद्यातलं खरं कसब. आंबा दाबून, वास घेऊन घेता येतो. बी बघून काही म्हणता काही कळत नाही. गोड दुधीचं आणि कडू दुधीचं बी शेजारी ठेवलं तर जाणकारही गप्प बसेल.

सुरुवात झाडाच्या स्वभावापासून होते. वाल, चवळी, टोमॅटो ही बरीचशी आपल्यातच भागवणारी पिकं. फूल पुरतं उमलेपर्यंत परागीकरण उरकलेलं असतं, म्हणून लहान बागेतही वाण बऱ्यापैकी शुद्ध राहतो. वांगी, मिरची आणि भेंडी यांचा नेम नाही. मधमाश्या फिरल्या की लांब हिरव्या मिरचीच्या बियांतून पुढच्या वर्षी भलतीच तिखट, आखूड मिरची निघते. आणि काकडी, भोपळा, दुधी, दोडका यांना तर परागीकरणाला कीटक लागतातच, नर फूल वेगळं नि मादी फूल वेगळं. सरकारी बीजोत्पादनात अशा पिकांच्या दोन वाणांत शेकडो मीटर अंतर ठेवावं लागतं. गच्चीवर ते कुठून आणायचं? मग बागवाली दुसऱ्या दिवशी उमलणारं मादी फूल आदल्या दिवशी हेरते, त्याच्या तोंडाला दोरा बांधते किंवा त्यावर मलमलची पिशवी चढवते. नर कळीही तशीच जपून ठेवायची. भोपळा आणि काकडी सकाळी उमलतात, दुधी आणि दोडका दिवस कलल्यावर; त्या वेळा पाळून नर फुलाचे परागकण मादी फुलावर टेकवायचे, पुन्हा बांधायचं आणि देठाला खुणेचा धागा. ती काकडी मग कोशिंबिरीला मिळत नाही. वेलावरच पिवळीधमक होऊन जून होईपर्यंत तिला हात लावायचा नसतो, आणि घरातल्या बाकीच्यांना हे पटवणं परागीकरणापेक्षा अवघड.

टोमॅटोचं बी गरासकट दोन-तीन दिवस आंबवावं लागतं, तेव्हा त्यावरचं बुळबुळीत आवरण सुटतं. वांग्याचं फळ पिवळं-तपकिरी पडल्याशिवाय आतलं बी तयार नसतं. यानंतर वाळवण. बियाण्यांच्या साठवणीत हॅरिंग्टन या शास्त्रज्ञाचा एक ढोबळ ठोकताळा जगभर वापरतात: बियांतला ओलावा १ टक्क्याने उतरला की आयुष्य दुप्पट, साठवणीचं तापमान ५ अंशांनी उतरलं की पुन्हा दुप्पट. कोकणातल्या श्रावणात उघड्या बरणीत ठेवलेलं कांद्याचं बी का मरतं, ते यावरून कळतं. कांद्याचं बी एरवीही वर्षभराच्या पुढे फारसं टिकत नाही. आपल्या आज्या चुलीच्या वरच्या फळीवर बी ठेवत, राखेत घोळवत, मडक्याचं तोंड शेणामातीने लिंपत, त्यातला प्रत्येक उपाय ओलावा आणि भुंगेरा या दोघांवरच होता. आताची बागवाली सिलिकाची पुडी आणि घट्ट झाकणाची बरणी वापरते. विकण्याआधी मोजकं बी ओल्या फडक्यात गुंडाळून किती रुजतं ते पाहायचं. प्रमाणित बियाण्याला टोमॅटो-वांग्यात किमान ७० टक्के, भेंडीत ६५ आणि मिरचीत ६० टक्के उगवण लागते. घरच्या पाकिटावर असा आकडा लिहिण्याची सक्ती नसते, पण जी लिहिते तिच्याकडून घ्यावं.

सक्ती नसते, कारण कायद्यातच तशी चांगली सोय आहे आणि ती फार कमी बागवाल्यांना ठाऊक असते. १९६६ च्या बियाणे कायद्याचं कलम २४ सांगतं की, स्वतः पिकवलेलं बी स्वतःच्याच जागेवर, पेरणाऱ्याच्या हातात थेट दिलं तर हा कायदा त्याला लागू नाही. म्हणजे दारात बसून विकणारीला मोकळीक आहे. दुकान थाटून इतरांचं बी विकायला घेतलं, की १९८३ च्या नियंत्रण आदेशाप्रमाणे परवाना आला. २००१ चा पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा आणखी पुढे जातो. संरक्षित वाणाचंही बी शेतकरी राखू शकतो, पेरू शकतो, देवाणघेवाण करू शकतो, विकू शकतो. त्या वाणाच्या नावाचं लेबल लावून, ब्रँड म्हणून तेवढं विकता येत नाही. जगातल्या फार थोड्या देशांनी शेतकऱ्याला एवढी सूट दिली आहे. गंमत अशी की राहीबाईंच्या गाडग्यातलं बी या कायद्यांच्या मध्यभागी बसतं आणि रंगीत पाकिटात घालून टपालाने पाठवणारी शहरी हौशी बागवाली मात्र त्यांच्या कडेला उभी असते.

पैसा मिळतो का? एका वाणावर नाही. टिकून राहिलेल्या छोट्या बीवाल्यांनी विविधतेवर धंदा उभा केला आहे. गिऱ्हाईक यंदा जांभळा वाल नेतं, तो परत मागत नाही. पुढच्या वर्षी त्याला चौधारी घेवडा हवा असतो. अमेरिकेत १९७५ साली डायान आणि केंट व्हीली या जोडप्याने सुरू केलेल्या ‘सीड सेव्हर्स एक्स्चेंज’चं मूळ असंच घरगुती होतं. डायानच्या आजोबांनी तिला दोन बियाणी दिली होती, एक जांभळ्या गारवेलीसारख्या फुलाचं आणि एक गुलाबी टोमॅटोचं. त्यांच्या घराण्याने ती बव्हेरियातून येताना सोबत आणली होती. आज आयोवा राज्यातल्या डेकोरा इथे या संस्थेचं मोठं शेत आहे आणि आजोबांचं नाव त्या फुलाला आहे. बियांबरोबर तिथे कुळकथाही विकली जाते, हे टीका म्हणून नाही. कोंभाळण्याच्या वालालाही ती आहे, फक्त आपण ती पाकिटावर छापत नाही.

उलट आपण पुष्कळदा साधी माहितीही छापत नाही. जुने वाल दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाहीत. माघ-फाल्गुनात पेरले तर नुसता वेल माजतो, मग बी खोटं निघालं म्हणून तक्रार येते. ‘आषाढात लावा’ एवढे दोन शब्द पाकिटावर असते तर ही तक्रारच आली नसती.

‘सीड सेव्हर्स’ सुरू झाली त्याच १९७५ साली आयोवात घरच्या बागेतली आणखी एक गोष्ट पुरी झाली. बर्पी कंपनीच्या डेव्हिड बर्पींना झेंडूचं विलक्षण वेड. अस्सल पांढरा झेंडू आणून देणाऱ्याला १०,००० डॉलर, असं बक्षीस त्यांनी १९५४ मध्ये लावलं. कंपनीच्या तज्ज्ञांनी खटपट केली. बक्षीस मिळालं ते सली गावच्या ॲलिस व्होंक या बागवालीला. तिची युक्ती एका ओळीची होती. दरवर्षी अंगणातल्या झेंडूतलं सगळ्यात फिकट फूल निवडायचं, त्याचंच बी पेरायचं, आणि हे जवळजवळ वीस वर्षं करत राहायचं.

आपल्याकडे या कामासाठी लागणारा कच्चा माल दसरा-दिवाळीला घराघरांत येतो. बाजारातला टपोरा झेंडू आता बहुतेक संकरित, त्यामुळे त्याच्या बियांतून कमी-अधिक उंचीची, पिवळ्या-केशरी वेगवेगळ्या छटांची झाडं येतात, आणि निवडीला नेमकी हीच सरमिसळ हवी. एकच पथ्य आहे: तोरणासाठी खुडलेल्या फुलात बी बऱ्याचदा भरलेलं नसतं, पोचट निघतं. म्हणून कुंडीतली दोन-तीन फुलं दिवाळीत तोडू नयेत. त्यांचे देठ तपकिरी होईपर्यंत थांबावं, मग पाकळ्यांखालच्या काळ्या काड्या चोळून काढाव्यात आणि कुठल्या झाडाच्या आहेत ते पुडीवर तारखेसकट लिहावं.